चार ते सहा मीटर

डॉ. हेरवाडकर सर "चार ते सहा मीटर" म्हणाले आणि सन्मती मगदूमनं टेबलाखाली स्वतःच्याच मांडीवर मूठ आपटली. झालं. आता उरलेले चौघं काय बोलणार हे त्यानं आधीच टाइप करून ठेवलं असतं तरी चाललं असतं.

कारखान्याचे चीफ केमिस्ट बिरनाळे म्हणाले, सरांनी सांगितल्यावर आम्ही वेगळं काय सांगणार, पण विचारताच आहात तर साडेचार ते साडेपाच धरा. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर इनामदार म्हणाले, पाच. सन्मतीनं हात जोडून सांगितलं की एक आकडा नको साहेब, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असं सांगा. इनामदारांनी सरांकडे बघितलं, सरांनी चहाचा घोट घेतला, आणि इनामदारांनी चार पूर्णांक नऊ ते पाच पूर्णांक एक अशी रेंज दिली. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक कणसे सरांचेच जुने विद्यार्थी. ते तर आधी "बोलू का सर?" असं विचारून मग साडेचार ते सहा म्हणाले. शेवटी राहिली मेघना ऐनापुरे. बोअर मारताना निघणाऱ्या दगडांची नोंद ठेवणारी, टेबलावर सगळ्यात लहान. ती म्हणाली, "माझं सरांसारखंच."

पाच माणसं कशाला बोलावली होती? पाच डोक्यांतून पाच वेगळे अंदाज यावेत म्हणून. इथं खुर्च्या पाच होत्या, डोकं एक. बाकीची चार नुसती हलत होती.

आता हे चार ते सहा मीटर काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा कार्बन डायऑक्साइड निघतो. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच. पूर्वी तो सरळ आभाळात जायचा. मग तसा सोडायला बंदी आली, आणि ज्या ज्या कारखान्याच्या पायाखाली काळा पत्थर होता त्यांनी तो गॅस जमिनीत पुरायला घेतला. पद्धत सोपी. गॅस पाण्यात विरघळवायचा आणि ते आंबट पाणी सहाशे मीटर खाली ढकलायचं. काळ्या पत्थरात चुना असतो, आंबट पाणी तो खातं, आणि दोन-तीन वर्षांत गॅसचा पांढरा दगड होऊन बसतो. दगड झाला की मिटलं. दगड काही पळून जात नाही.

भानगड असते ती मधल्या दोन-तीन वर्षांची. तोवर वर झाकण घट्ट पाहिजे. आपल्याकडचा खडक म्हणजे लाव्ह्याचे थर, ताटात उतप्प्यांची चवड रचावी तसे. ज्वालामुखी मध्येच कधी हजारो वर्षं गप्प बसला, तेव्हा वरच्या दगडाची माती झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्या मातीला भाजून काढत तिच्यावर पसरला. तो हा तांबडा थर. पाणी सोडत नाही, गॅस सोडत नाही. जाड असला तर कुकरचं झाकण, पातळ असला तर फाटकं पोतं. चार ते सहा मीटर ही त्या झाकणाची जाडी. जाडी म्हणजे जाडीचा अंदाज. कारण सहाशे मीटर खाली उतरून टेप लावून कुणीच आलेलं नसतं, आणि बोअर मारला तरी दिसतं ते त्या भोकापुरतंच.

म्हणून 'पाताळ'. हे सन्मतीच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर. पूर्वी जमिनीखालचं एक मॉडेल चालवायला आठवडा लागायचा. पाताळ सव्वीस मिनिटांत हजार चालवायचं. हजार वेगवेगळ्या जमिनी, प्रत्येकीत झाकण थोडं जाड किंवा पातळ, भेगा थोड्या जास्त किंवा कमी, आणि प्रत्येकीत एकच प्रश्न: पंचवीस वर्षांत गॅस गावाच्या विहिरीत येतो का?

हे हजार निवडायचे कसे, ते सन्मतीचं काम. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण शीत घ्यायचं कुठून? सगळी शितं वरच्या वरच उचलली तर तळाचा भात करपलेला कळणारच नाही. म्हणून प्रत्येक रेंजच्या हजार फोडी पाडायच्या आणि प्रत्येक फोड एकदाच वापरायची. एक सुटत नाही, एक दोनदा येत नाही. मग जाडीच्या फोडी, भेगांच्या फोडी, सगळ्या पत्त्यांसारख्या पिसून एकमेकींशी लावायच्या. नुसत्या हजार शितांत अख्खं पातेलं बघून होतं. सन्मतीनं ही मांडणी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा दोन दिवस तो घरच्यांना तेच सांगत सुटला होता.

फक्त पातेलं केवढं, ते माणसं सांगतात. आणि माणसं सरांकडे बघून सांगतात. त्यात पाताळची एक खोड होती. पाच जणांचं जितकं जुळेल तितकी ते रेंज आवळून घ्यायचं. जुळतंय म्हणजे माहिती पक्की आहे, असा त्याचा समज. एकमत आणि आदर यांतला फरक त्याला कुणी शिकवला नव्हता.

त्या दिवशीची रेंज आवळून आवळून साडेचार ते साडेपाचवर आली. सन्मतीनं बटण दाबलं. हजारात तीन.

हजारात दहाच्या आत म्हणजे हिरवा. बेलखोरी गावच्या प्रत्येक फोनवर लगेच हिरवा ठिपका आला. या ठिपक्याचं फार झालं होतं. लोक मुलगी देताना गावाचा रंग विचारायचे. शाळेची नवी खोली बांधायची तर आधी रंग. हिरवा झाला म्हणून विहिरीवर बसवलेला गॅसचा मीटर दुसऱ्या दिवशीच कारखान्याची माणसं काढून घेऊन गेली, दुसऱ्या एका पिवळ्या गावाला लावायला. चाचणी म्हणून आठ महिने थोडा थोडा गॅस आधीच खाली जात होता. आता सहापट जाणार होता.

बेलखोरीत सन्मतीची बहीण दिलेली होती. सुप्रभा अक्का. तिचा फोन आला तो वेगळ्याच कामाला. शनिवारी विहिरीचा गाळ काढायचा आहे, जत्रेच्या आधी दरवर्षी काढतात तसा, तर तुझा तो पाण्याचा पंप दे.

"उतरणार कोण?" सन्मतीनं विचारलं.

"कोण म्हणजे? हे आणि हेंची सहा माणसं. दरवर्षी कोण उतरतंय?"

सन्मती पंप स्कूटरला बांधून त्याच दिवशी बेलखोरीला गेला. भरत दाजी विहिरीच्या काठावरच भेटले, दोर तपासत. त्यानं सांगायला घेतलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो दाजी, आला तर विहिरीच्या तळाशी बसतो. वास नाही, रंग नाही. माणूस दोन-चार श्वासांत आडवा होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तो त्याच्यावर पडतो. यंदा गाळ राहू द्या.

दाजींनी खिशातून फोन काढला आणि हिरवा ठिपका त्याच्या नाकासमोर धरला.

"हे कुणी केलंय?"

"मी."

"हजारात किती?"

"तीन."

"हजारात तीन. लग्नात ह्येच्यापेक्षा जास्त धोका असतोय, ते बी केलं की तुझ्या अक्काशी." दोर धरून बसलेली माणसं हसली. दाजी पण हसले, मग जरा दमानं म्हणाले, "बरं, ते तीन खरं का खोटं?"

सन्मतीला खोटं म्हणता येईना, कारण गणित बरोबर होतं. खरं म्हणता येईना, कारण आकडे सरांचे होते. तो म्हणाला, गणित बरोबर आहे पण आत घातलेलं मला पटत नाही. दाजींनी विचारलं, मग आत कुणी घातलं? तो म्हणाला, हेरवाडकर सरांनी.

"म्हंजे सर चुकले आन् तू बरोबर," दाजी म्हणाले. "बी.कॉम. पुरं केलंस का रे तू?"

हे लागलं. केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून तो मिरजेत प्रिंटर दुरुस्त करत होता. एकदा सरांच्या घरचा कॉम्प्युटर बघायला गेला आणि पडद्यावरचा आलेख बघून, हा असा वाकडा का आलाय, असं विचारून बसला. सरांनी त्याला खुर्ची दिली. पुढची तीन वर्षं त्यानं व्हिडिओ बघून, सरांची पुस्तकं वाचून, चुकून माकून सगळं शिकून घेतलं. कारखान्यात त्याला डिग्री विचारली तेव्हा सर म्हणाले होते, डिग्री माझी धरा. हा माणूस चुकला असं गावातल्या विहिरीवर उभं राहून सांगायचं म्हणजे तोंड कडू होतं. आणि सांगूनही दाजी ऐकणार नव्हते. त्यांचा विश्वास फोनवर होता.

म्हणजे दाजींना विहिरीबाहेर ठेवायचं तर ठिपका बदलायला हवा. ठिपका बदलायचा तर रेंज बदलायला हवी. सोमवार होता. शनिवारपर्यंत पाच दिवस.

मंगळवारी त्यानं नवी शक्कल काढली. प्रत्येकाला वेगळा ऑनलाइन फॉर्म. एकमेकांचं उत्तर दिसणार नाही, नाव दिसणार नाही. वर लिहिलं, कृपया कुणाशी चर्चा करू नये. संध्याकाळी पाच उत्तरं आली. पाचही साडेचार ते साडेपाच. दशांश चिन्हासकट. त्यानं बिरनाळेंना फोन लावला. बिरनाळे अगदी निरागसपणे म्हणाले, चर्चा कुठं केली, मी फक्त सरांना फोन करून विचारलं की तुम्ही काय भरताय. बाकीच्यांना मग मीच कळवलं, त्यांचा खोळंबा नको.

सन्मतीनं फोन उशीवर फेकला. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. कुणी दबाव टाकला असता, कुणी धमकी दिली असती, तर भांडता तरी आलं असतं. इथं सगळे एकमेकांची सोय बघत होते.

बुधवारी सकाळी त्यानं फॉर्मची आतली नोंद सहज उघडली. कुठलं उत्तर कधी भरलं, कधी बदललं, ते त्यात दिसतं. पाचवा फॉर्म, मेघनाचा. सगळ्यात आधी भरलेला. 'कमीत कमी'च्या घरात पहिल्यांदा होतं शून्य पूर्णांक चार. अकरा मिनिटांनी ते साडेचार झालं होतं.

तो तडक दगडांच्या शेडमध्ये गेला. बोअर मारताना ड्रिलच्या पोटात जमिनीचा अखंड दांडा येतो, मनगटाएवढा जाड. त्याला सगळे कोअर म्हणतात. मीटर-मीटरचे तुकडे करून तो लांबट पेट्यांत क्रमानं मांडून ठेवतात. मेघना पेट्यांवर नंबर घालत होती. सन्मतीनं विचारलं तेव्हा म्हणाली, टायपिंग मिस्टेक होती मगदूम सर.

"अकरा मिनिटं?"

मग हातातला ब्रश खाली ठेवून तिनं तीन नंबरच्या बोअरची पेटी ओढली. काळा पत्थर, काळा पत्थर, मग तांबड्या मातीचा एक तुकडा, कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढा. त्याच्या पुढं लाकडाचा ठोकळा, आणि ठोकळ्यावर तिच्याच अक्षरात: 'कोअर हरवला, ३.६ मीटर'. ठोकळ्यापुढं परत काळा पत्थर.

सन्मतीला आधी कळेना. कोअर कधी कधी हरवतो हे खरं. माती ढिली असली तर ड्रिलमधून निसटते, तेवढी लांबी लिहिलेला ठोकळा ठेवतात. पण या तांबड्या तुकड्याची खालची कड आणि काळ्या पत्थराची वरची कड त्यानं हातात घेऊन एकमेकींना लावली. दाताला दात बसावा तशा बसल्या. मध्ये काही हरवलंच नव्हतं.

"चाळीस सेंटीमीटर निघाला," मेघना म्हणाली. "पण सरांच्या रिपोर्टात होतं की या भागात चार मीटरच्या खाली येऊच शकत नाही. मला वाटलं ड्रिलरच्या हातून निसटलं असणार. म्हणून चार पुरे करायला ठोकळा ठेवला."

"आणि ठोकळ्यामुळं खालची सगळी मापं सरकली असतील."

"ती मी जुळवून घेतली."

तीन, पाच आणि सहा. सातपैकी तीन बोअरमध्ये तिनं असे ठोकळे ठेवले होते. तिन्ही बेलखोरीच्या बाजूचे. सन्मतीला ओरडावंसं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की तिच्या जागी तो असता तर तोही पहिल्यांदा ड्रिलरलाच शिव्या देऊन मोकळा झाला असता. ती म्हणाली, माझं नाव सांगू नका, नोंदीत खोटं लिहिलं म्हणून घरी बसवतील. त्यानं कबूल केलं. आणि कबूल केल्याबद्दल परत येताना रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

गुरुवारी तो सरांच्या घरी गेला. काकूंनी नेहमीसारखं पोह्यांची बशी पुढं ठेवली आणि तो नेहमीसारखा हादडत बसला नाही, तेव्हाच सरांना कळलं असणार. त्यानं नाव न घेता सांगितलं. तीन बोअर, चाळीस सेंटीमीटर. सरांनी चष्मा काढला.

"तू मला तांबडा थर शिकवायला आलायस?"

"नाही सर. तुम्ही चार ते सहा कुठून काढलं, ते विचारायला आलोय."

मग सरांनी सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या गुरूंनी एका रेल्वेच्या बोगद्यात मोजलं होतं, चार ते सहा. बेलखोरीपासून नव्वद किलोमीटरवर. पुढं सरांनी ते आपल्या प्रबंधात घेतलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रबंधातून घेतलं. आता कुठंही पुस्तक उघडलं तरी चार ते सहाच निघतं, आणि निघतं म्हणून ते पक्कं वाटतं. बोलता बोलता सरांचा आवाज बारीक झाला. सन्मतीला वाटलं होतं सर चिडले तर सोपं जाईल. हे अवघड होतं. सर म्हणाले, शनिवारी सकाळी परत बसू, मी आबांना सांगतो.

आबा म्हणजे कारखान्याचे चेअरमन. शनिवारी साडेनऊला तेही मीटिंगला येऊन बसले. त्याच वेळी अक्काचा मेसेज आला: सगळी जमलीत, साडेदहाला नारळ. सन्मतीनं हिशेब केला. पाताळला सव्वीस मिनिटं. म्हणजे दहाच्या आत रेंज मिळाली तरच.

सरांनी घसा साफ केला. "या भागातल्या तांबड्या थराची जाडी मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी जे सांगितलं ते ऐकीव होतं. शून्यही असेल, दहा मीटरही असेल."

सत्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षांचा मान, आणि चार माणसांत म्हणतो मला माहीत नाही. त्यानं रेंज भरायला हात उचलला, तोच बिरनाळे म्हणाले, सरांचं अगदी बरोबर आहे, माझंही शून्य ते दहा. इनामदार म्हणाले, शून्य ते दहाच, मला पहिल्यापासून शंका होती. कणसे म्हणाले, सर, बोलू का, शून्य ते दहा.

सन्मती त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याची नजर पडद्यावर गेली.

पडद्यावर पाताळनं पिवळी पट्टी दाखवली होती. रेंज फार मोठी झाली तर पाताळ असं समजतं की या लोकांना काहीच माहीत नाही. मग ते त्यांचं ऐकत नाही. सरळ राज्याच्या प्रमाणित तक्त्यातला आकडा उचलतं. तक्त्यात होतं: तांबडा थर, चार ते सहा मीटर. खाली बारीक अक्षरात संदर्भ: हेरवाडकर.

त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आबांना विनोद कळला आणि ते हसले. सर हसले नाहीत.

"म्हणजे मी माहीत नाही म्हटलं तरी हे मलाच विचारणार?" सर म्हणाले.

"हो सर. आणि चार ते सहावर परत हिरवा येणार."

"यातून सुटका?"

एकच होती. कुणीतरी स्वतः मोजलेला आकडा. पाच जणांपैकीच कुणाचा तरी, नाव आणि बोअर नंबर घालून. तसा आकडा आला की तक्ता बाजूला पडतो. सन्मती पॅनेलवर नव्हता, त्याचं नाव चालणार नव्हतं. तो पत्रावळी मांडणारा, जेवायला बसणारा नाही. त्यानं हे सगळं टेबलाकडे बघत सांगितलं. मेघनाकडे बघितलं असतं तर शब्द मोडल्यासारखं झालं असतं. भिंतीवरच्या घड्याळात नऊ पंचावन्न झाले होते.

मेघना टेबलाच्या टोकाला बसली होती. तिचं मत अजून द्यायचं राहिलं होतं. ती सरांकडे बघत होती. सगळे सरांकडे बघत होते. आणि सन्मतीच्या लक्षात आलं की सरांना कळलंय. दगडांची नोंद ठेवणारी या टेबलावर एकच होती, सर काही खुळे नव्हते. सर तिच्याकडे वळले, मायेनंच वळले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

ते म्हणाले असते, बोल बाळ, चाळीस सेंटीमीटर ना? आणि ती म्हणाली असती, हो सर. आणि तो आकडाही परत सरांचाच झाला असता.

"सर, तुम्ही बोलू नका," सन्मती म्हणाला.

कणसेंच्या हातातला पेन थांबला. बिरनाळेंनी सन्मतीकडे असं बघितलं की जणू त्यानं देवळात चपला घालून पाय टाकला. सन्मती थांबला नाही. "हात जोडतो सर. या खोलीत एकदा तरी कुणीतरी तुमच्या आधी बोलू दे."

सरांनी तोंड मिटलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली. आता बघायला कुणी उरलं नाही. मेघनानं एकदा दाराकडे बघितलं, एकदा आपल्या हातांकडे.

"चाळीस सेंटीमीटर," ती म्हणाली. "तीन नंबरला. पाचला पंचावन्न, सहाला अडतीस. मी मोजलंय. तिन्हीकडं कोअर हरवला असं लिहिलंय ते खोटं आहे, मीच लिहिलंय. माझं नाव घाला."

सन्मतीनं तिचं नाव घातलं. पिवळी पट्टी गेली. हजार फोडी नव्यानं पडल्या, पत्ते पिसले गेले, सव्वीस मिनिटांचं घड्याळ उलटं चालू झालं. त्यानं अक्काला मेसेज टाकला: नारळ सावकाश फोड. अक्काचा अंगठा आला. त्या अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा ते त्याला कळेना.

"सहा नंबरला अडतीस?" सर उठून उभे राहिले होते. "वरची कड कशी आहे? भाजलेली आहे का नुसती माती?"

"वरचे दहा-बारा सेंटीमीटर भाजलेत सर. खाली ढिली आहे."

"दाखव."

ती दोघं शेडकडं निघाली. इनामदार अर्धवट उठले, सरांच्या मागं जावं की आबांजवळ बसावं ते ठरेना, शेवटी तसेच अधांतरी उभे राहिले. आबांनी सन्मतीला जवळ बोलावून हळूच विचारलं की समजा आकडा वाईट आला, तर दुसरे हजार घेऊन बघता येतात का. सन्मती म्हणाला, घेता येतात आबा, पण भात तोच आहे. आबा म्हणाले, तुम्हा पोरांचं बोलणं फार लागतं. मग त्यांनी डिस्टिलरी बंद ठेवावी लागेल का, सहापटीऐवजी दुप्पट चालेल का, बेलखोरीच्या बाजूचा बोअर सोडून पलीकडं मारता येईल का असं विचारायला सुरुवात केली, आणि ते प्रश्न बरे होते. सन्मती घड्याळ बघत होता.

दहा चोवीसला निकाल आला. हजारात एकशे सदतीस.

तीन मिनिटांनी फोन वाजला. अक्काचा नाही, दाजींचा.

"आरं, ठिपका तांबडा झाला की."

"हो दाजी. कुणी उतरलंय?"

"नारळ मघाशीच फोडलाय, साडेधाची वाट बघितली न्हाई. किसना दोर बांधून पहिल्या पायरीवर हाय. आता काय करू? नारळ फोडून काम थांबवत न्हाईत."

"वर घ्या त्याला. गॅसचा मीटर घेऊन निघतोय मी, तासात पोचतो."

"म्हंजे इहिरीत ग्यास हाय?"

"माहीत नाही."

"न्हाई म्हंतोस?"

"नाही म्हणत नाही. माहीत नाही म्हणतोय."

मागं हलगी वाजत होती, पोरं ओरडत होती. "मग येवढं दिस तिथं बसून मोजत काय हुतास रं तू?"

सन्मती काय सांगणार होता? फोडी, पत्ते, पातेलं?

"तेच मोजत होतो दाजी," तो म्हणाला. "आम्हाला किती माहीत नाही, ते."

पलीकडून दाजींनी हासडलेली शिवी ऐकू आली, पण ती त्याला नव्हती. हलगी थांबली. फोन तोंडापासून लांब धरून दाजी किसनाला कमरेचा दोर सोडायला सांगत होते.